मामांनी बांधलेलं सशांचं घर

खोली बघायला गेले तेव्हा मामांनी मला भाडं सांगितलं नाही. पाणी किती दिवसांनी येतं हेही विचारू दिलं नाही. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी एक उदबत्ती काढली, पेटवली आणि ती हातात धरून खोलीच्या मधोमध उभे राहिले. मला वाटलं, नवी भाडेकरू आली म्हणून देवाला ओवाळतायत. पण त्या खोलीत देवाचा साधा फोटोसुद्धा नव्हता. धूर सरळ वर गेला, छताला टेकला आणि तिथंच लोळत राहिला.

"बघा," मामा म्हणाले. "त्याला जायाला जागा न्हाय. तुमी सोडलेला श्वास बी असाच बसणार डोक्यावर. आठ दिवस थांबा, बाई. मंग या ऱ्हायाला."

आठ दिवसांनी ट्रंक घेऊन आले तर समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना छताखाली एक-एक भोक पाडलेलं होतं आणि त्यावर बारीक जाळी ठोकलेली होती. मामांनी पुन्हा उदबत्ती लावली. धूर थोडा घोटाळला आणि मग पश्चिमेच्या भोकातून शहाण्यासारखा निघून गेला. त्यानंतर त्यांनी भाडं सांगितलं.

कर्नाटकच्या सीमेजवळच्या मुरुम गावातल्या एका शाळेत मला नोकरी लागली होती. मी सांगलीकडची. गावात ओळखीचं कुणी नाही, बाजारात निम्मे लोक कानडीत बोलणारे. मामा तिथल्याच एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते आणि तिथूनच निवृत्त झाले होते. कॉलेजातल्या शिपायाला मामा म्हणायची आपल्याकडे पद्धतच आहे. पण ह्यांना प्राचार्यांपासून भाजीवालीपर्यंत सगळेच मामा म्हणत. विजेच्या बिलावर त्यांचं नाव यायचं, ते वाचून मला दर वेळी कुणा परक्या माणसाचं बिल आपल्याकडे आलंय असं वाटायचं.

उंच, काटकुळे, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि चेहऱ्याच्या मानानं जरा जास्तच मोठं नाक. कुठंही शिरताना ते आधी उंबऱ्यावर थांबून वास घेत. दुकानात, देवळात, कुणाच्या लग्नाच्या मांडवात. वास पसंत पडला नाही तर बाहेरूनच बोलणं उरकत. एकदा बँकेत गर्दीच्या दिवशी त्यांनी खिशातून उदबत्ती काढली आणि पहारेकऱ्यानं त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. घरी येऊन मला सांगताना त्यांना अपमानाचं काही वाटत नव्हतं. "चाळीस माणसं, बाई," ते म्हणाले. "अन् वरच्या सगळ्या खिडक्यांना कागद चिकटवलाय. चाळीस माणसं एकमेकाचा श्वास घेत्यात. मंग चिडणार न्हाईत तर काय?"

हे सगळं त्यांना सशांनी शिकवलं होतं.

घरामागं मोठं अंगण होतं, त्याच्या कुंपणाला रस्त्यावर उघडणारं फाटक होतं, कडुनिंबाचं एक झाड होतं, आणि त्या झाडाच्या पूर्वेला मामांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं सशांचं घर होतं. मी राहायला गेले तेव्हा त्यात सात ससे होते. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे. कमरेएवढ्या उंच लाकडी खांबांवर ते घर उभं होतं. तळाला जाळी, म्हणजे लेंड्या आणि मूत खाली पडून जावं. बसायला मधे मधे फळ्या, म्हणजे जाळीनं पाय सोलवटू नयेत. तोंड पूर्वेला आणि पूर्वेची सगळी बाजू जाळीची. पश्चिमेला फळ्यांची भिंत. वर पत्रा, पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर. आणि भिंत जिथं संपते तिथून पत्र्यापर्यंत वीतभर फट चारी बाजूंनी मोकळी सोडलेली.

"गरम हवा हलकी असती," ते मला समजावून सांगत. मी शाळेत विज्ञान शिकवते हे त्यांच्या गावीही नसे. "ती वर जाती. वर गेल्यावर तिला दार पाहिजे. न्हायतर ती पत्र्याखाली बसती, तापती, अन् परत खाली येती. सशाला घाम येत न्हाय, बाई. त्याला तापलं तर त्यो बोलत बी न्हाय. नुसता पसरतो, अन् जातो."

रोज सकाळी ते गुडघे वाकवून त्या घराच्या छोट्या दारातून डोकं आत घालत आणि मान वळवून जाळीला नाक टेकवत. एवढा मोठा माणूस, धड बाहेर आणि डोकं सशांमध्ये. शेजारपाजारचे लोक हसायचे. मामा म्हणायचे, "उभ्या माणसाच्या नाकाला मुताचा वास आला म्हणजे उशीर झालेला असतो. सशाचं नाक खाली असतं. खाली जाऊन बघायला पाहिजे."

उजेडाचंही तसंच. सकाळचं कोवळं ऊन निम्म्या घरात यायचं, निम्म्यात नाही. प्रत्येक कप्प्याच्या एका कोपऱ्यात एक अंधारी पेटी होती. आत-बाहेर करायला नुसतं गोल भोक. मी एकदा म्हटलं, "एवढा उजेड आणण्याची खटपट करता, आणि परत अंधाराची पेटी कशाला?"

"लाल डोळ्याला ऊन सोसत न्हाय," ते म्हणाले. मग पेटीच्या भोकावरून बोट फिरवत, "अन् कुणाला वाटलं तोंड लपवावं, तर त्याला जागा पाहिजे की."

सशांशी ते कानडीत बोलत. माझ्याशी मराठीत, फोनवर बायकोशी दोन्हीत मिळून. सकाळी पश्चिमेचा पोत्याचा पडदा गुंडाळताना एका ठेक्यात म्हणत, "गाळी बेकु, बेळकु बेकु." हवा पाहिजे, उजेड पाहिजे. लसूणघास टाकताना म्हणत, "बा, बा." ससे येत. मी तेच "बा, बा" म्हटलं तर एकही हलत नसे.

मामांची बायको पुण्याला मुलाकडे होती. सुनेच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या आणि राहिल्याच. भांडण झालं नव्हतं. नातू लहान, सून नोकरीला जाते, त्यांच्याशिवाय तिथं चालत नाही. आणि मामांशिवाय इथं चालत नाही. रविवारी दुपारी फोन यायचा. मामा अंगणात उभे राहून बोलायचे, त्यामुळे मला नको असलं तरी ऐकू यायचं. "व्हय. जेवलो. व्हय. न्हाय, ऊन लई हाय. तुला बरं हाय का? बरं. बरं, ठेवतो." एवढंच. पण फोन ठेवल्यावर ते त्या बटणाच्या फोनकडे बराच वेळ बघत राहायचे, जणू त्यातून अजून काही यायचं शिल्लक आहे.

कधी कधी मी त्यांना भाजी नेऊन द्यायचे, कधी ते मला ज्वारीची भाकरी आणून द्यायचे. ताट माझ्या दारात ठेवून जायचे. एकत्र बसून आम्ही कधी जेवलो नाही. दोन एकटी माणसं एका भिंतीच्या दोन बाजूंना राहत होती, आणि दोघांनाही त्या भिंतीची सवय झाली होती.

माझं तिसरं वर्ष चालू होतं, तेव्हा त्यांच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. आधी उजवा, दोन महिन्यांनी डावा. मुलानं फोन करून सांगितलं, आई म्हणते तुम्ही आलात तरच करीन. मामा दोन दिवस अंगणात फेऱ्या मारत होते. मग माझ्या दाराशी आले. आत न येता उंबऱ्यावरूनच म्हणाले, "चार दिवस बघाल का, बाई?"

मला फार बरं वाटलं. त्या गावात इतक्या दिवसांत मला कुणी काही सोपवलं नव्हतं.

त्यांनी वहीचं एक पान लिहून दिलं. सुवाच्य, सरळ अक्षर. घास किती, पाणी किती वेळा, पडदा केव्हा खाली, केव्हा वर. शेवटी लिहिलं होतं : 'वारं सुटलं तर फक्त पश्चिमेचा पडदा सोडणे. पूर्व बाजू कधीच बंद करू नये. वरची फट कधीच बंद करू नये.' दोन्ही 'कधीच' खाली दोन-दोन रेघा.

ते शुक्रवारी गेले. शनिवार ठीक गेला. रविवारी संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि गारा पडल्या. लिंबाएवढ्या. पत्र्यावर आवाज असा की कानात बोटं घालावीत. वारा पूर्वेकडून, थेट जाळीतून आत. ससे आपापल्या कप्प्यात एकमेकांवर चढून कोपऱ्यात गोळा झाले होते आणि त्यांची अंगं भिजली होती. शेजारच्या बाई कुंपणापाशी येऊन ओरडल्या, "अवो बाई, झाका की त्यांना! मरत्याल गारठून!" आणि त्यांनीच आपली निळी ताडपत्री दिली.

मामांना फोन करावा असं मनात आलं. पण ते त्या वेळी दवाखान्यात असणार, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं. कशाला काळजीत टाका? मी ताडपत्री चारी बाजूंनी गुंडाळली. पूर्वेची बाजूही झाकली, वरची फटही. काथ्यानं घट्ट बांधली. कागद माझ्या टेबलावरच होता. मला रेघा आठवत होत्या. पण समोर भिजलेले ससे होते आणि कागदावर गारांचं काही लिहिलेलं नव्हतं.

सोमवारी मला परीक्षेची ड्यूटी होती. सकाळी सहाला निघताना आभाळ तसंच होतं, गार होतं. ताडपत्रीचा एक कोपरा उचलून पाहिलं, ससे कोरडे झाले होते. मला हायसं वाटलं. कोपरा परत खाली सोडला.

साडेआठच्या सुमारास ऊन पडलं. वर्गाच्या खिडकीतून ते मला दिसलं. मार्चचं ऊन, पावसानंतरचं, अंगाला चिकटणारं. मी मुलांच्या बाकांमधून फेऱ्या मारत होते, आणि मला वाटलं की आता जायला हवं. पण पेपर चालू होता, वर्ग सोडता येत नव्हता. पेपर सुटला, उत्तरपत्रिका मोजून द्यायच्या होत्या, मग दुपारच्या पेपरला एक शिक्षक आले नाहीत म्हणून मला थांबवून घेतलं. मी "घरी जाऊन येते" असं म्हणू शकले असते. कशासाठी, असं विचारलं असतं तर 'सशांसाठी' म्हणावं लागलं असतं. मला लाज वाटली. खरं कारण एवढंच आहे.

साडेचारला परत आले. ताडपत्रीला हात लावला तर चटका बसला. काथ्याच्या गाठी सुटेनात, विळ्यानं कापल्या. आतून वाफ आणि मुताचा असा भपकारा आला की माझे डोळे चुरचुरले. दोन ससे पसरून पडले होते, मान लांब करून. बाकीचे पाच धापा टाकत होते.

मी फोन लावला. काय बोलले ते आठवत नाही, रडत होते. मग मामा अगदी हळू म्हणाले, "कानावर पाणी लावा. थंडगार नको, साधं. अंगावर वतू नका. अन् त्यांच्याजवळच बसा."

मी बसले. पाचही वाचले.

मंगळवारी सकाळी मामा आले. बायकोच्या डोळ्याची पट्टी त्याच दिवशी काढणार होते. पट्टी काढल्यावर समोर मामा दिसावेत अशी बायकोची इच्छा होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पिशवी खांद्याला तशीच ठेवून मामा थेट अंगणात गेले. दोन्ही ससे मी पोत्यात गुंडाळून ठेवले होते. त्यांनी कुदळ आणली, कडुनिंबाच्या मुळांपासून दूर खड्डा घेतला. मी फावडं घेऊन पुढं झाले, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

"रागवा ना मला," मी म्हणाले. "काहीतरी बोला तरी."

त्यांनी माती सारखी केली, हात धुतले आणि धोतराला पुसत उभे राहिले.

"कॉलेजात जिन्याखाली एक खोली होती," ते म्हणाले. "खिडकी न्हाय. दार लोखंडी. ससे तिथं ठेवायचे. मुलांना चिरायला लागायचे तवा एकेक काढायचा. रोज सकाळी म्या कुलूप काढायचो, घास टाकायचो, कुलूप लावायचो. माझं नाक बंद झालं होतं, बाई. वास येतच न्हवता मला. मंग सरकारनं ते चिरणं बंद केलं. प्राचार्य म्हणाले, मामा, उरलेत त्यांचं काय ते बघा. म्या अकरा ससे टोपल्यात घालून घरी आणले, अन् हितं अंगणात सोडले. उन्हात. मला वाटलं, उड्या मारतील."

त्यांनी कुदळ उचलून झाडाला टेकवली.

"भिताडाकडं तोंड करून बसले. सगळे. तीन दिवस. डोळे उघडंनात. एक त्या उन्हानंच गेला. तवा मला कळलं, म्या काय करत होतो ते." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमी एक दिवस बंद केलं. म्या एकोणीस वर्षं केलं. म्या कोणत्या तोंडानं तुमाला रागवू?"

ते मला रागावले नाहीत. पण मला माफ केलं, असंही मी म्हणू शकत नाही. त्यानंतर त्यांनी सशांच्या कामाला मला पुन्हा हात लावू दिला नाही. मी पाण्याची वाटी उचलली की ते सहज आल्यासारखे येऊन माझ्या हातातून घ्यायचे. बोलणं पूर्वीसारखंच, भाकरीही पूर्वीसारखीच दारात. फक्त तेवढं नाही.

आणि दोन महिन्यांनी, डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी, ते पुण्याला गेले नाहीत. मे महिना होता. पश्चिमेच्या बाजूला ओली पोती टांगून ते दिवसातून चार वेळा पाणी मारत होते. मी म्हणाले, "मामा, मला सुट्टी आहे. मी सांगलीला जात नाही. दिवसभर इथून हलणार नाही. तुम्ही जा." ते पोतं पिळत म्हणाले, "न्हाय, बाई. ऊन लई हाय." त्या रविवारी फोन आला नाही. पुढच्या रविवारी आला तो मुलाचा होता. मग कधी यायचा, कधी नाही.

मी पाच वर्षं तिथं होते. मग मला घराजवळ नोकरी मिळाली. निघाले तेव्हा दोन ससे उरले होते, दोघेही म्हातारे. नर आणि मादी मामांनी पहिल्यापासून वेगवेगळ्या कप्प्यात ठेवले होते, पिल्लं होऊ दिलीच नव्हती. "माझ्यामागं कोण बघणार?" एवढंच ते म्हणत. मला सोडायला ते स्टँडवर आले. एस.टी.त चढून त्यांनी माझ्या सीटजवळची खिडकी सरकवून पाहिली, ती जाम होती. ती उघडेपर्यंत ते उतरले नाहीत, आणि कंडक्टर त्यांच्यावर खेकसला.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत शाळेतल्या एका मैत्रिणीचा फोन आला. मामा गेले होते. झोपेतच. दूधवाल्यानं हाक मारली, दार उघडलं नाही, तेव्हा कळलं. मला जायला पंधरा दिवस लागले.

घराचं दार उघडं होतं. आत एक ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा लावलेली बाई कपाट आवरत होती. मामांची बायको. पाच वर्षं मी त्यांच्या घरात राहिले, त्यांची भांडी वापरली, आणि त्यांना पहिल्यांदाच बघत होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी चहा टाकला. मुलगा घराच्या विक्रीचं बोलायला कुणाकडे तरी गेला होता.

"शेवटचा ससा दिवाळीत गेला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आता तरी या. म्हणाले, थंडी सरू दे. संक्रांत झाली तरी थंडीच." चहाचा कप त्यांनी माझ्याकडे सरकवला. "सशांचं निमित्त होतं, बाई. यायचंच नव्हतं त्यांना. एका डोळ्याला आले अन् पट्टी सुटायच्या आधी पळाले. दुसऱ्याला आलेच न्हाईत. पोराला काय सांगितलं म्हाईताय? तिथली हवा सोसत न्हाय म्हणून."

मी कप खाली ठेवला. "पहिल्या ऑपरेशनच्या वेळी इथं दोन ससे मेले, ते त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"कुठले ससे?"

मग मी सांगितलं. गारा, ताडपत्री, परीक्षा, साडेचार वाजले ते. कागदावरच्या रेघा आणि मला लाज वाटली तेसुद्धा. मी म्हणाले, मामा पळून आले नाहीत, माझ्या फोनमुळे आले. आणि दुसऱ्या वेळी आले नाहीत तेही माझ्यामुळंच, माझ्यावर सोपवायला त्यांचा जीव धजला नाही म्हणून. सांगून झाल्यावर मला वाटलं, आता ह्या मला घराबाहेर काढतील.

"मामांनी माझं नाव सांगितलं असतं," मी म्हणाले, "तर तुमचा राग माझ्यावर गेला असता."

"व्हय," त्या म्हणाल्या. "गेला असता."

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. मग म्हणाल्या, "दिवसभर काय करायचे हो ते? मला दाखवा तरी."

आम्ही मागच्या अंगणात गेलो. सशांचं घर रिकामं होतं, धुऊन ठेवलेलं. मी त्यांना जाळी दाखवली, वरची फट, पाचट, अंधाऱ्या पेट्या. त्या ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष तिथं नव्हतं.

"अन् बसायचे कुठं?"

मी झाडाच्या बुंध्याशी असलेला चौकोनी दगड दाखवला. दुपारनंतर, कामं उरकली की ते तिथं बसत. सशांकडे बघत बसतात असं मला वाटायचं. त्या जाऊन त्या दगडावर बसल्या, गुडघ्यांवर हात ठेवून. इकडं-तिकडं पाहिलं. मग एकदम स्थिर झाल्या.

"हितनं वेलींखालनं फाटक दिसतंय," त्या म्हणाल्या. "अन् फाटकातनं पुण्याची एस.टी. थांबती ती जागा."

मी त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. मला कुंपण दिसत होतं आणि कुंपणावरच्या वेली.

"उभ्यानं न्हाय दिसत," त्या म्हणाल्या, आणि दगडावर थोड्या सरकून त्यांनी मला जागा करून दिली.